खेळणाऱ्यांचं मंडळ

‘ईस्पोर्ट्‌स’ हा शब्द आपल्या मंडळींत उच्चारला की समोरच्याच्या कपाळावर हमखास एक आठी उमटते. "म्हणजे व्हिडिओ गेमच ना?" हा पहिला प्रश्न. "आणि त्यासाठी कॉलेजात क्लब?" हा दुसरा. तिसरा प्रश्न तोंडाने कोणी विचारत नाही, पण डोळ्यांत स्पष्ट वाचता येतो: "एवढी फी आपण यासाठी भरतो?"

प्रश्न रास्त आहेत. आमचे चिरंजीव इथल्या एका राज्य विद्यापीठात शिकतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी फोन करून कळवलं की आपण एका क्लबाचे खजिनदार झालो आहोत. आमच्या सौभाग्यवतींना फार आनंद झाला. क्लब कसला ते कळल्यावर तो आनंद निम्म्यावर आला. त्यानंतरच्या दोन वर्षांत, घरातले इंजिनिअर या नात्याने, आम्ही या क्लबाच्या कामात हळूहळू ओढले गेलो. आधी विजेच्या हिशेबासाठी, मग नेटवर्कसाठी आणि शेवटी चक्क घटनेच्या मसुद्यासाठी. आम्ही जे पाहिलं त्यात खेळ थोडा होता आणि संस्था वाढवण्याची धडपड फार होती. हे त्रैमासिक वाचणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी मंडळाच्या खुर्च्या उचललेल्या आहेत. तेव्हा हा विषय तुम्हाला परका वाटायचं कारण नाही.

स्टॅनफर्डपासून सुरुवात

पहिली गोष्ट म्हणजे हे खूळ कालपरवाचं नाही. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘स्पेसवॉर’ या खेळाची स्पर्धा भरली होती. हा खेळ त्याआधी दहा वर्षं एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी रचलेला. बक्षीस काय, तर ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची एका वर्षाची वर्गणी! आपल्या मंडळाच्या पाककृती स्पर्धेतलं बक्षीसही याहून फार लहान नसतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं हा प्रकार कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि वसतिगृहांत गुपचूप चालला. आम्ही एम.एस.ला होतो तेव्हा रात्री अकरानंतर लॅबमधे दहा-बारा देशी मंडळी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळत. त्याला नाव नव्हतं, पदाधिकारी नव्हते, वर्गणी नव्हती. आमची तुकडी पदव्या घेऊन पांगली आणि तो खेळ जणू कधी नव्हताच असा संपला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

कॉलेजाकॉलेजांत रीतसर सामने सुरू झाले ते प्रामुख्याने २००९ पासून. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मोना झँग या विद्यार्थिनीने ‘स्टारक्राफ्ट’ या खेळासाठी ‘कॉलेजिएट स्टारलीग’ उभी केली. पाठोपाठ २०१० साली ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या मुलांनी आपला क्लब काढला. तोच पुढे वाढत वाढत ‘टेस्पा’ नावाची देशभरातल्या कॉलेज क्लबांची जाळी झाला. २०१४ साली शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने ‘लीग ऑफ लेजंड्‌स’ खेळणाऱ्यांना चक्क खेळाडू म्हणून स्कॉलरशिप देऊ केली: निम्म्यापर्यंत फी आणि निम्म्यापर्यंत राहण्या-जेवणाचा खर्च. तोवर हसणारे लोक जरा गप्प झाले. (हे विद्यापीठ २०२० साली रूझवेल्ट विद्यापीठात विलीन झालं.) २०१६ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाईन शाखेने आवारातच खेळाचं दालन उघडलं आणि २०१८ साली त्यांच्या संघाने ‘लीग ऑफ लेजंड्‌स’चं कॉलेज अजिंक्यपद पटकावलं. अर्व्हाईनमधे दालनाच्या आधीपासून मुलांचा क्लब होता, हे मुद्दाम सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी क्रम हाच असतो: आधी मुलं जमतात, विद्यापीठाला जाग नंतर येते.

खेळाचा मालक कोण?

क्रिकेटचा मालक कोणी नाही. बोर्ड सामन्यांचं मालक असेल, पण चेंडू-फळी घेऊन तुम्ही गल्लीत उतरलात तर परवानगी कोणाची लागत नाही. इथे मात्र प्रत्येक खेळ एकेका कंपनीच्या मालकीचा आहे. ‘लीग ऑफ लेजंड्‌स’ आणि ‘व्हॅलोरंट’ रायट गेम्सचे, ‘ओव्हरवॉच’ ब्लिझार्डचा. कंपनी नियम बदलते, स्पर्धांच्या अटी घालते आणि मनात आलं तर स्पर्धाच बंद करते.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘हीरोज ऑफ द डॉर्म’. ब्लिझार्डच्या ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ या खेळाची ही कॉलेज स्पर्धा २०१५ साली सुरू झाली. पहिला अंतिम सामना बर्कली आणि ॲरिझोना स्टेट यांच्यात झाला आणि तो ईएसपीएन-२ वर देशभर दाखवला गेला. जिंकलेल्या बर्कलीच्या मुलांना उरलेल्या शिक्षणाच्या फीसाठी प्रत्येकी ७५,००० डॉलरपर्यंतचं बक्षीस होतं. केवढा गाजावाजा! आणि डिसेंबर २०१८ मधे कंपनीने जाहीर केलं की पुढच्या वर्षी ही स्पर्धा होणार नाही. ज्या मुलांनी केवळ या एका खेळावर आपले संघ बांधले होते त्यांच्या हातात काय उरलं?

कॉलेजच्या खेळांचा मोठा कारभार पाहणारी एनसीएए यात लक्ष घालील असं काहींना वाटत होतं. पण तिच्या संचालक मंडळाने २०१९ साली हा विषय बाजूला ठेवला. २०१६ साली स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजिएट ईस्पोर्ट्‌स’ ही संघटना कॉलेजांच्या अधिकृत संघांचं काम पाहते. पण मुलांच्या साध्या क्लबाला वाली कोणी नाही. त्याला स्वतःच्याच पायावर उभं राहावं लागतं.

म्हणून चिरंजीवांच्या क्लबाने घेतलेला पहिला शहाणा निर्णय म्हणजे नावात कुठल्याही खेळाचं नाव न घालणं. पहिले नऊ सभासद सगळे ‘लीग’वाले. नाव ‘लीग क्लब’ ठेवावं असा आग्रहही झाला. एका मुलीने विचारलं, "उद्या हा खेळ कोणी खेळेनासं झालं तर आपण पाटी बदलायची का?" नाव साधं ‘ईस्पोर्ट्‌स क्लब’ ठरलं. आज त्याच पाटीखाली सहा खेळ चालतात.

घटना, पदाधिकारी आणि एक प्राध्यापक

क्लबाला विद्यापीठाची मान्यता हवी. त्याखेरीज हॉल मिळत नाही, विद्यार्थी संघटनेकडून पैसे मिळत नाहीत आणि सत्राच्या सुरुवातीच्या मेळाव्यात टेबल मांडता येत नाही. मान्यतेसाठी लेखी घटना लागते, ठराविक संख्येने सभासद लागतात, आणि सल्लागार म्हणून एखादा प्राध्यापक किंवा कर्मचारी लागतो.

सल्लागार शोधताना मुलं साहजिकच कॉम्प्युटर विभागाकडे धावतात. या मुलांना तिथे कोणाला वेळ नव्हता. अखेर ग्रंथालयातल्या एक बाई तयार झाल्या. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विद्यापीठातला कोणता अर्ज कोणाच्या टेबलावर अडतो हे त्यांना पाठ होतं. आपल्या मंडळात नाही का, नाटकात कधी काम न केलेला पण हॉलच्या मॅनेजरशी ओळख असलेला एखादा काका सगळ्यात उपयोगाचा असतो!

विजेचा हिशेब

आता आमच्या आवडीचा भाग. पहिल्या मोठ्या ‘लॅन’च्या रात्री, म्हणजे सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर घेऊन एकत्र खेळायच्या रात्री, मुलांनी चोवीस कॉम्प्युटर एका हॉलमधे मांडले आणि मिळेल त्या भिंतीतून एक्स्टेंशन कॉर्डा ओढल्या. साडेआठला अर्धा हॉल काळोखात. ब्रेकर वर केला, पुन्हा पडला. तेव्हा आम्हाला फोन आला.

हिशेब सोपा आहे. खेळासाठीचा कॉम्प्युटर पडद्यासकट जोरात चालू असताना ४५० वॅटच्या आसपास वीज खातो. अमेरिकेतलं २० अँपिअरचं एक सर्किट १२० व्होल्टवर २,४०० वॅट देतं. पण तीन तास किंवा जास्त वेळ सलग भार असेल तर ८० टक्क्यांपर्यंतच घ्यायचा असा दंडक आहे, म्हणजे १,९२० वॅट. त्यात चार कॉम्प्युटर बसतात. पाचवा लावला की दंडक मोडला. चोवीस कॉम्प्युटरांना सहा सर्किटं हवीत आणि कोणतं भोकं कोणत्या सर्किटवर आहे याचा नकाशा हवा. तो विद्यापीठाच्या इमारत विभागाकडे असतो. विनंती केली की मिळतो. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १०,८०० वॅट म्हणजे जवळजवळ तीन टनांच्या एसीचं काम, त्यात माणसं वेगळी. जानेवारीत हॉलच्या खिडक्या उघडून बसलेली मुलं आम्ही इथेच पाहिली.

नेटवर्कची कथा थोडी वेगळी. पालकांना वाटतं की यांना ‘फास्ट’ इंटरनेट लागतं. वास्तविक सामना चालू असताना डेटा अगदी थोडा जातो, सिनेमा बघायला लागेल त्याच्या दहाव्या हिश्शातही भागतं. महत्त्वाचा असतो तो वेळ. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा सगळ्यांची स्थिती तपासतो. वायफायवर मधेच निरोप दोन-चार शतांश सेकंद अडकला तर समोरचा गडी दारातून आत येऊन गेलेला असतो. रस्ता रुंद असून उपयोग नाही, गाडी वेळेवर पोचली पाहिजे. म्हणून तार ओढायची, वायफाय नको.

रुंद रस्ता लागतो तो खेळाच्या नव्या आवृत्त्या उतरवताना. समजा २० गिगाबाइटची आवृत्ती आहे आणि चोवीस जणांनी ती हॉलमधे येऊन उतरवायला घेतली. एक गिगाबिटची अख्खी लाइन मिळाली तरी एक तासाहून जास्त वेळ नुसतं बघत बसायचं. सूचना एकच: घरून उतरवून या. आपल्याकडे पॉटलकला "भाजी शिजवूनच आणा, इथे एकच शेगडी आहे" असं सांगतात, तसंच.

विद्यापीठाच्या संगणक विभागाशी मात्र आधीच बोलून ठेवावं. आवारातल्या नेटवर्कवर सुरक्षेसाठी दोन यंत्रांना एकमेकांशी थेट बोलू दिलं जात नाही, आणि काही खेळांचे फसवणूक पकडणारे प्रोग्राम यंत्राच्या अगदी गाभ्यात शिरून बसतात. विद्यापीठाच्या मालकीच्या यंत्रांवर असं काही बसवायला तिथली माणसं का कू करणारच. त्यांचं चुकतही नाही. या मुलांनी भांडण न करता सहा यंत्रं वेगळी ठेवून मागितली, आणि मिळाली.

दारात कोण उभं आहे?

वीज आणि तारा झाल्या. पण क्लब वाढतो माणसांनी. इथे मुलांचा पहिला समज असा की आपला संघ जिंकला की लोक आपोआप येतील. संघ जिंकला, लोक आले नाहीत. पाच जण पाठ करून पडद्यात डोकं खुपसून बसलेले. नवीन आलेला मुलगा दहा मिनिटं भिंतीला टेकून उभा राहतो आणि निघून जातो.

मग त्यांनी तीन गोष्टी केल्या. एक, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्याच हॉलमधे, कोणी येवो न येवो, क्लब उघडायचा. दोन, दाराजवळच्या टेबलावर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ लावून ठेवायचा. एक टीव्ही, एक खोका आणि चार कंट्रोलर. स्वतःचं महागडं यंत्र लागत नाही, एक डाव काही मिनिटांत संपतो आणि शेजारी बसून खेळत असल्यामुळे बोलावंच लागतं. तीन, दारात एकाने उभं राहायचं. काम एवढंच: नाव विचारायचं, काय खेळतोस विचारायचं आणि कोणाशी तरी जोडून द्यायचं. पुढच्या गुरुवारी त्याला नावाने हाक मारायची. दोन वर्षांत नवाचे गुरुवारी साठ-सत्तर होऊ लागले ते या तीन गोष्टींनी.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. ऑनलाइन खेळताना मुलीचा आवाज ऐकू आला की काही दिवटे काय बोलतात ते इथे छापण्याजोगं नाही. पुष्कळ मुली मायक्रोफोन बंद ठेवून खेळतात. क्लबाने नियम केला: पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा सत्रभर बाहेर. नियम कागदावर करणं सोपं. कसोटी लागली ती एका सामन्याच्या आदल्या दिवशी संघाचा सर्वात उत्तम खेळाडूच दुसऱ्यांदा सापडला तेव्हा. बैठक रात्री एकपर्यंत चालली. त्याला बसवलं, आणि सामना हरले. पण पुढच्या सत्रात पाच मुली नव्याने आल्या आणि त्यातली एक आज क्लबाची अध्यक्ष आहे. हरलेला सामना कोणाला आठवत नाही.

शिवाय सगळ्यांनी खेळलंच पाहिजे असं नाही. सामन्याचं धावतं वर्णन करणारे लागतात, वेळापत्रक लावणारे लागतात, पोस्टर काढणारे, हिशेब ठेवणारे. नाटकात पडदा ओढणाऱ्याचं नाव आपण पत्रिकेत छापतो ते याचसाठी.

यातलाच एक, सोलापूरकडचा एम.एस.चा मुलगा. जानेवारीत आला, गाडी नाही, खोलीतल्या इतरांच्या वेळा निराळ्या, आणि त्याचा लॅपटॉप कुठलाच खेळ पेलवेल असा नव्हता. तो क्लबात आला फुकट पिझ्झ्यासाठी. असं तोच सांगतो. स्पर्धेची वेळापत्रकं मुलं कागदावर लिहीत होती, ती त्याने एका रात्रीत कॉम्प्युटरवर बसवून दिली. तेव्हापासून सगळ्या स्पर्धा तोच लावतो. मार्चमधे एका मध्यरात्री त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला. हॉस्पिटलात नेणारी, फॉर्म भरणारी आणि पहाटेपर्यंत बाकावर बसलेली चार मुलं क्लबातलीच होती. त्यात भारतीय एकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा आम्हाला फोन आला. बराच वेळ त्या नुसत्याच रडत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, रात्रभर बसलेली ती लेकरं कोणाची हो?" आम्ही सांगितलं, ती त्याच्या क्लबातली. कसला क्लब ते त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

पैसा आणि व्हिसा

वर्गणी सत्राला दहा डॉलर. पहिल्या तीन गुरुवारी फुकट, मग पावती. बाकी पैसा विद्यार्थी संघटनेच्या अनुदानातून. त्यासाठी अंदाजपत्रक आदल्या वसंतातच द्यावं लागतं. सप्टेंबरात जागं झालेल्याला वर्षभर भोपळा. स्थानिक दुकानदार देणगी देतात, पण करारावर मुलांनी विद्यापीठाच्या नावाने सही करायची नाही, हे सल्लागार बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. खातं विद्यापीठाकडे, खर्चाला दोघांची सही, आणि दर महिन्याचा जमाखर्च सर्वांना दिसेल असा. चिरंजीवांना घरात स्वतःच्या मोज्यांचा हिशेब लागत नाही, पण तिथे सव्वा डॉलरचा घोळ सापडेपर्यंत ते झोपले नाहीत!

आपल्याकडून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. २०१३ साली ‘लीग ऑफ लेजंड्‌स’च्या एका कॅनडियन खेळाडूला अमेरिकेने क्रीडापटूंना देतात तो पी-१ए व्हिसा दिला, ही बातमी खरी आहे. पण एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. बक्षिसाची रक्कम घेणं, स्वतःचे सामने प्रसारित करून जाहिरातींचे पैसे मिळवणं, यांतलं काय चालतं आणि काय परवानगीशिवायचं काम ठरू शकतं, हे पैसे घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीत लेखी विचारावं. दोनशे डॉलरच्या बक्षिसापायी व्हिसा धोक्यात घालणं हा कुठल्याच खेळातला शहाणपणाचा डाव नव्हे.

क्लब आणि कॉलेजचा संघ

क्लब नावारूपाला आला की विद्यापीठाला तो दिसू लागतो. तसंच झालं. गेल्या वर्षी विद्यापीठाने अधिकृत संघ काढायचं ठरवलं: पगारी प्रशिक्षक, थोड्या स्कॉलरशिपा, तीस यंत्रांची नवी खोली. मुलं हरखली. महिन्याभराने खरं काय ते ध्यानात आलं. उत्तम खेळाडू संघात गेले. खोलीला कुलूप लागलं. सरावाखेरीज कोणाला प्रवेश नाही. गुरुवारचा हॉलही काढून घेतला, कारण "आता तुम्हाला खोली आहे ना!" पन्नास-साठ मुलांना ना हॉल ना खोली.

काही जण म्हणाले, क्लब बंद करू या, काम झालं. काही म्हणाले, संघावर बहिष्कार घालू. शेवटी अध्यक्ष मुलीने एक कागद तयार केला. त्यात तक्रार एकही नव्हती. दोन वर्षांचे दर गुरुवारचे हजेरीचे आकडे, त्यात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी किती, आणि संघात निवडलेल्या मुलांपैकी किती जण आधी गुरुवारी यायचे ते. जवळजवळ सगळेच! "तुमच्या संघाला पुढची मुलं कुठून येणार?" एवढा एकच प्रश्न तिने बैठकीत विचारला. खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी सर्वांना खुली झाली, हॉल परत मिळाला, आणि संघातल्या प्रत्येकाने महिन्यातून एक गुरुवार दारात उभं राहायचं असं ठरलं. नाव आणि खातं क्लबाने स्वतःकडेच ठेवलं. हजेरीचं पुस्तक ठेवा म्हणून सल्लागार बाई पहिल्या दिवसापासून का मागे लागल्या होत्या, ते तेव्हा सर्वांना कळलं.

किल्ल्या कोणाकडे?

आता आमच्या लॅबमधल्या त्या खेळाची आठवण करा. विद्यार्थ्यांच्या संस्थेला चार वर्षांचं आयुष्य असतं. ज्याने काढली तो पदवी घेऊन जातो. त्याच्याबरोबर पासवर्ड जातात, ओळखी जातात, हॉलचा अर्ज कोणाला द्यायचा ही माहिती जाते. सगळ्या सभासदांचा संपर्क ज्या ‘डिस्कॉर्ड’वर असतो तिथली मालकी एका माणसाच्या खात्यावर असते. तो माणूस नोकरीला लागून दूर गेला आणि त्याने लक्ष काढून घेतलं की शेकडो सभासदांचं मंडळ बिनमालकाचं होतं.

यावर मुलांनी काढलेला तोडगा आपल्या मंडळांनीही उचलावा असा आहे. निवडणूक मे महिन्यात नाही, मार्चमधे. नवी कार्यकारिणी दोन महिने जुन्यांच्या शेजारी बसून काम करते. एप्रिलची स्पर्धा नवे लोक भरवतात आणि जुने फक्त बघतात. प्रत्येक पदाची एक वही आहे: काय, केव्हा, कोणाकडे, किती पैसे लागले, काय बिघडलं. सगळ्या खात्यांची मालकी सभेत सर्वांसमोर बदलली जाते. शिवाय कार्यकारिणीत पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचे निदान दोघे हवेत, असं घटनेत कलमच आहे. आमच्या गावच्या मंडळात मोठ्या पातेल्यांची कपाटाची किल्ली अकरा वर्षं एकाच घरी आहे. असो.

आईवडिलांसाठी चार शब्द

अभ्यासाचं काय? कॉलेजांच्या बहुतेक स्पर्धांत पूर्णवेळ विद्यार्थी असण्याची अट असते आणि अधिकृत संघ गुणांचीही अट घालतात. या क्लबात परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात गुरुवार असतो, पण यंत्रं बंद. सगळे पुस्तकं घेऊन बसतात. तरीही धोका आहे, नाही असं नाही. रात्र रात्र खोलीत एकट्याने खेळणारी मुलं आहेत, नापास होणारीही आहेत. मनगटं दुखतात, झोप उडते. म्हणून मुलाला "किती तास खेळलास?" याऐवजी "कोणाबरोबर खेळलास?" असं विचारून पाहा. उत्तरात माणसांची नावं आली तर काळजी थोडी कमी करायला हरकत नाही. नावंच आली नाहीत, तर मात्र वेळ काढून जाऊन या.

भारतातल्या आजी-आजोबांचा प्रश्न असतो, "हा जुगार तर नव्हे?" त्यांना सांगा की २०१८ च्या जकार्ता एशियाडमधे हे खेळ प्रदर्शनीय प्रकार म्हणून होते आणि भारताच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’मधे ब्राँझ मिळवलं होतं. डिसेंबर २०२२ मधे भारत सरकारने ईस्पोर्ट्‌सना क्रीडा खात्याच्या कक्षेत घेतलं, आणि ऑगस्ट २०२५ मधे संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालून ईस्पोर्ट्‌सना त्यांपासून स्पष्ट वेगळं काढलं. जुगार वेगळा आणि हे वेगळं, असं आता कायदाच म्हणतो.

आपल्या मंडळांचं या मुलांशी काही देणंघेणं आहे का? आम्हाला वाटतं, आहे. मंडळाकडे टेबलं आहेत, खुर्च्या आहेत, कॉफीचे मोठे थर्मास आहेत, आणि वर्षातले चाळीस शनिवार ते सगळं कपाटात पडून असतं. जवळच्या कॉलेजच्या क्लबाला एका रात्रीपुरतं द्यायला काय हरकत आहे? तेवढ्या निमित्ताने आपली तरुण मंडळी, जी संक्रांतीला फिरकत नाहीत, ती निदान खुर्च्या परत करायला तरी येतील. आमच्या मंडळाने यंदा हे करून पाहिलं. तेरा मुलं खुर्च्या परत द्यायला आली, त्यातली नऊ साबुदाण्याची खिचडी खाऊन गेली आणि दोघांनी गणपतीच्या ध्वनियोजनेचं काम अंगावर घेतलं.

आपल्या गावी असा काही अनुभव असेल तर संपादकांकडे जरूर लिहून पाठवा. आणि विजेचा हिशेब हवा असेल तर आम्ही आहोतच.